बुडणारा गोळा, तरंगणारी वाटी

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. जड वस्तू पाण्यात बुडतात आणि हलक्या तरंगतात, असे तो ठामपणे सांगतो. मी त्याला घनतेची व्याख्या समजावली, त्याने ती पाठही केली; पण दुसऱ्या दिवशी त्याचे मूळ मत जसेच्या तसे होते. या वयात विज्ञान शिकवण्याची घाई होते आहे का?

उत्तर : घाई झाली असेल तर ती विज्ञानाची नव्हे, व्याख्येची. आपल्या मुलाचे मत ऐकीव नाही. दगड बुडताना आणि पान तरंगताना पाहून त्याने ते स्वतः बनवले आहे. अशा मताला पाठ केलेले वाक्य हलवू शकत नाही, ते फार तर त्याच्या शेजारी जाऊन बसते. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शाळेतील ६० मुलांना पृथ्वीविषयी प्रश्न विचारले होते. पृथ्वी गोल असल्याचे मुले सांगत. मात्र खोदून विचारल्यावर असे दिसले, की काहींच्या मनातली पृथ्वी आतून पोकळ असून माणसे तिच्या आतल्या सपाट जमिनीवर राहतात. शिकवलेले आणि डोळ्यांना दिसणारे यांचा मेळ घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, आणि मला तरी तो पाठांतरापेक्षा विज्ञानाच्या अधिक जवळचा वाटतो.

आपण मुलांच्या खेळातली क्ले घ्यावी (साधी माती पाण्यात विरते) आणि तिचा गोळा पाण्यात टाकण्यापूर्वी काय होईल व का, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. गोळा बुडेल. मग त्याच क्लेची पातळ, खोलगट वाटी करून पाण्यावर अलगद ठेवावी, ती तरंगेल. येथे मुलगा बहुधा म्हणेल, की वाटी केल्यामुळे क्ले हलकी झाली. त्याला लगेच चूक ठरवू नये. आकार बदलला की वजनही बदलते, असे या वयाच्या अनेक मुलांना वाटते, हे मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले आहे. दोन सारखे गोळे तराजूत तोलून, त्यांतल्या एकाची वाटी करून पुन्हा तोलायला सांगावे. पारडी समतोल राहिली, की त्याचा जुना नियम त्याच्याच हातांनी अडचणीत येतो. वाटी अधिक पाणी बाजूला सारते, म्हणून पाणी तिला अधिक जोराने वर उचलून धरते, हे त्यानंतर सांगितले तर ते उत्तर ठरते. आधी सांगितले तर नुसती माहिती.

शाळेकडून माझी अपेक्षा याहून फार वेगळी नाही. मुलांना साहित्य देऊन मोकळे सोडले म्हणजे घनता आपोआप उमगेल, हा भाबडेपणा आहे. नेमका प्रश्न शिक्षकानेच विचारायचा असतो. त्यानंतर मात्र त्याने थांबावे. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचे आढळले. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि त्यांत कारणेही येऊ लागली. घनतेच्या व्याख्येसाठी आपण आणखी काही वर्षे थांबलात तरी चालेल. वाटीत एकेक गोटी टाकत ती केव्हा बुडते, हे मोजण्याचा खेळ मात्र उद्याच सुरू करता येईल.