उपकार आठवतात, पण मन भरून येत नाही

"मॅडम, मी कृतघ्न आहे का हो?" बसल्याबसल्या त्यांनी विचारलं. पन्नाशीचे गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कुठेतरी वाचून ते रोज रात्री वहीत लिहीत होते, आयुष्यात कुणी काय काय दिलं ते. तीन आठवड्यांत मन भरून यायचं सोडून चिडचिडच वाढली होती. अशी तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात.

रोजचं लिहिणं मी आधी थांबवलं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. लिहिण्याचा गृहपाठ होऊन बसला की संपलंच.

मग वही उघडली. पहिल्याच पानावर काकांनी भरलेली कॉलेजची फी. ते वाचताना त्यांचा आवाज कोरडा पडला. काका त्या फीचा विषय प्रत्येक कार्यात चारचौघांत काढायचे म्हणे. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा वाढली की घेणाऱ्याच्या मनात कृतज्ञता घटते आणि ओझं वाढतं. "हे उधारीचं खातं आहे," मी म्हटलं. मदत खरीच होती, ती नाकारायची नाही. पण ऊर भरून आला नाही म्हणून स्वतःला कृतघ्न ठरवायचं कशाला?

मी प्रश्न उलटा केला. "काय घडलं नसतं, तर तुम्ही आज इथवर आला नसता?" चांगली गोष्ट घडली कशी यापेक्षा ती घडलीच नसती तर, असा विचार केल्याने मन अधिक सुखावतं, असं मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये आढळलं होतं. मला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर पाठ नसतं.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "दिवा." घरात खोली एकच. हे रात्री दोनपर्यंत अभ्यास करायचे आणि ताई डोळ्यांवर ओढणी घेऊन शेजारीच झोपायची. दोन वर्षं. दिवा बंद कर, असं एकदाही म्हणाली नाही. हे वहीत कुठेच नव्हतं.

पुढच्या भेटीत ते हसतच आले. ताईला फोन केला होता. ती म्हणाली, "अरे, मला अंधाराची भीती वाटायची. तू जागा असायचास ते बरंच होतं."

"हे खरं, की माझ्यावर ओझं नको म्हणून म्हणाली?" त्यांनी मला विचारलं. मला तरी काय ठाऊक! तेही ताईला पुन्हा विचारणार नव्हते.