बागेतल्या रिटेनिंग वॉलला, म्हणजे उतारावरची माती अडवणाऱ्या भिंतीला, स्वतः गिलावा करता येईल का? प्रमाण किती आणि थर किती जाड? आजवर थापी हातात धरलेली नाही.

येईल. मी केलाय, तोही दोनदा. दोनदा का, ते सांगायलाच लिहायला बसले आहे. तुम्ही विचारलंय प्रमाण किती आणि थर किती जाड. ते सांगते, पण आधी तुमच्या भिंतीमागचं पाणी कुठून निघतं ते बघून या.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, उतारावर. परसात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चार फुटी बांध, त्यामागे आंब्याच्या कलमांची माती. गवंड्याने खालच्या ओळीत सहा पाइप ठेवले होते. एका गणपतीत धाकट्या भाऊजींना त्यातल्या एका पाइपातून धामण डोकावताना दिसली. झालं, सहाच्या सहा पाइप सिमेंटने लिंपून मोकळे. मी म्हटलं, पाणी कुठून जाणार? तर म्हणाले, "वहिनी, चिरा पाणी पितो." पितो ना! पण प्यायलेलं कुठेतरी टाकणार की नाही? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे. तरी मीही विषय सोडून दिला, ही माझी चूक.

पुढच्या मे महिन्यात मी एकटीने चार दिवसांत गिलावा केला. दिसायला इतका छान की आळीतल्या बायका बघून गेल्या. जुलैत बोटाने वाजवलं तर दोन ठिकाणी पोकळ आवाज आला. श्रावणात एका रात्री पोळपाटाएवढा तुकडा सुटून खालच्या अळवावर पडला. सकाळी जाऊन बघते तर मागचा चिरा इतका भिजलेला की नखाने खरवडला तर लाल पाणी आलं. त्या गणपतीत भाऊजींनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "हे बायकांचं काम नव्हे."

नोव्हेंबरात सगळा गिलावा छिन्नीने काढला. भाड्याने ड्रिल आणून दर पाच फुटांवर आरपार भोकं पाडली, जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. त्यात दोन इंची पाइप बसवले. मागची माती उकरून पाइपांच्या तोंडाशी खडी भरली. गिलावा करताना पाइपांत रद्दीचे बोळे कोंबा, नाहीतर माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, आत जाऊन बसतो आणि पुन्हा तेच.

आता तुमचा प्रश्न. भिंत तारेच्या ब्रशने घासा, शेवाळ ठेवू नका. आदल्या संध्याकाळी भिजवा. लावताना चिरा ओलसर हवा, पाणी ओघळणारा नको. एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, वाळू चाळलेली. पाणी बेताने घाला, थापी तिरकी केली तरी माल लगेच घसरता कामा नये. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवा. सुकायला लागलेल्या मालात पाणी घालून पुन्हा मळणारे गवंडी मी पाहिलेत, त्यांचं ऐकू नका. पहिला हात माल मनगटाने फेकून मारायचा, लोणी लावल्यासारखा फासायचा नाही. तो अर्ध्या इंचाच्या आसपास. त्यावर खिळ्याने आडव्या रेघा ओढा आणि दुसऱ्या दिवशी पातळ दुसरा हात द्या, तो एकास पाच, कारण वरचा थर आतल्यापेक्षा कडक झाला की सुटतो. पट्टीने सपाट करून लाकडी रंधा, म्हणजे मूठ असलेली सपाट फळी, फिरवा. चकचकीत घोटत बसू नका, बाग आहे, दिवाणखाना नाही. वरच्या कडेला बाहेर उतार द्या. मग सात दिवस तरी गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. हात बसेपर्यंत निम्मा माल खाली पडतो, सगळ्यांचाच पडतो. सुरुवात न दिसणाऱ्या कोपऱ्यापासून करा.

भिंत पुढे झुकली असेल किंवा आडवी भेग असेल तर गिलाव्याचा विचारही नको, आधी जाणकाराला दाखवा. आणि खरं सांगायचं तर चांगल्या चिऱ्याला गिलाव्याची गरजच नसते, नुसत्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या तरी चालतं. आमचा जुना चिरा झिजून खड्डे पडले होते म्हणून मी केला.

अजून एक. पहिल्या वेळी मी मे महिन्याच्या उन्हात काम केलं होतं आणि स्वस्त मिळाली म्हणून खाडीची वाळू वापरली होती. तिच्यातल्या खारामुळे भिंतीवर पांढरे डाग आले होते. तुम्ही ते करू नका. भाऊजींना यातलं काही बोललेले नाही. पाइप बुजवले नसते तर तो तुकडा पडला नसता, यावर मी ठाम आहे.

दुसऱ्या गिलाव्याने सहा पावसाळे काढलेत. पाइपांच्या तोंडाला बारीक जाळी लावली आहे, धामण आत जात नाही. यंदा गणपतीत भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, "जाळीची कल्पना माझी." जाळी मी आणली, चाळीस रुपयांची. पावती ठेवली आहे.