प्रश्नोत्तरे : प्रवासवेळेचा नकाशा आणि खानदेशातील वाटा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी प्रवासवेळेच्या नकाशांविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न संक्षेपाने दिले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या भागाच्या एका आराखड्यात आरोग्य केंद्राभोवती आठ किलोमीटरचे वर्तुळ काढून आतली सर्व गावे सेवेच्या टप्प्यात असल्याचे दाखवले आहे. आमचे गाव त्या वर्तुळात येते, परंतु मध्ये तापी आहे. प्रवासवेळेचा नकाशा याहून वेगळा कसा असतो? (एक शिक्षक, चोपडा तालुका)

उत्तर : वर्तुळ काढताना नदी, डोंगर आणि रस्ता यांतले काहीच विचारात घेतलेले नसते. आपल्याकडे तापीच्या काठावर उभे राहिले की पैलतीरावरचे अमळनेर तालुक्यातले गाव डोळ्यांना दिसते, पण तिथे वाहनाने जायचे तर पुलापर्यंत जाऊन, नदी ओलांडून, पलीकडच्या काठाने पुन्हा उलटे यावे लागते. प्रवासवेळेच्या नकाशात केंद्रापासून प्रत्यक्ष रस्त्याने पंधरा, तीस किंवा साठ मिनिटांत कुठवर पोहोचता येते, तेवढाच भाग रंगवलेला असतो. त्यामुळे त्याचा आकार वर्तुळासारखा गोल न येता महामार्गाच्या दिशेने लांब पसरलेला आणि नदीपाशी एकदम तुटलेला दिसतो.

कल्पना जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८१ साली लंडनहून जगातील विविध ठिकाणी पोहोचायला किती दिवस लागतात याचा नकाशा दहा-दहा दिवसांच्या पट्ट्यांत काढला होता. आज संगणक रस्त्यांचे जाळे बिंदू आणि जोड यांच्या रूपात वाचतो, प्रत्येक जोडाला लागणारा वेळ मांडतो आणि केंद्रापासून सर्वांत कमी वेळात गाठता येणारा बिंदू आधी, त्यानंतरचा नंतर, अशा क्रमाने पुढे सरकतो. संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली ही रीत आजही या गणिताच्या मुळाशी आहे. पूल हा तिच्या दृष्टीने दोन काठांमधला एक जोड असतो. तो नसेल, तर पैलतीरावरचे गाव कितीही जवळ दिसले तरी दूरच मोजले जाते. आपल्या गावासाठी हाच हिशेब योग्य आहे.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात आशासेविका आहे. काही विद्यार्थ्यांनी खुल्या माहितीवरून काढलेल्या नकाशात आमचा पाडा ग्रामीण रुग्णालयापासून पाऊण तासाच्या पट्ट्यात दाखवला आहे. प्रत्यक्षात डांबरी रस्ता संपल्यावर तीन किलोमीटरची पायवाट आहे आणि बाळंतिणीला झोळीतून खाली आणावे लागते. नकाशा कुठे चुकतो आणि तो दुरुस्त कसा करावा?

उत्तर : ताई, या महिन्यातले सर्वांत महत्त्वाचे पत्र आपले आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

पहिली अडचण वेगाची. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी उभारलेल्या नकाशात रस्त्याचा दर्जा नोंदलेला असतो. भारतात सर्वसाधारणपणे राष्ट्रीय महामार्ग ‘ट्रंक’, राज्य महामार्ग ‘प्रायमरी’ आणि प्रमुख जिल्हा मार्ग ‘सेकंडरी’ म्हणून नोंदवतात. त्या रस्त्यावर प्रत्यक्षात वेग किती मिळतो, याची नोंद ग्रामीण भागात बहुधा नसतेच. मग मार्ग काढणारी प्रणाली आपल्या ठरीव तक्त्यातला वेग गृहीत धरते. ओएसआरएम या प्रचलित प्रणालीच्या मूळ मोटार-तक्त्यात प्रायमरीला ताशी ६५, सेकंडरीला ५५, त्याखालच्या दर्जाच्या ‘टर्शरी’ला ४० आणि गावजोड रस्त्याला २५ किलोमीटर असे आकडे आहेत. हा तक्ता सातपुड्यासाठी केलेला नाही. तळोद्याहून धडगावकडे येताना चांदसैली घाटात ताशी ५५ चा वेग कोणताही चालक ठेवू शकत नाही. तीस किलोमीटरचा घाटरस्ता या तक्त्याप्रमाणे ३३ मिनिटांत संपतो. ताशी २५ धरले तर त्याच अंतराला ७२ मिनिटे लागतात. पाऊण तासाच्या पट्ट्यातली कितीतरी गावे एवढ्या एका दुरुस्तीने पट्ट्याबाहेर जातात. म्हणून त्या विद्यार्थ्यांना सांगावे की, आधी काळी-पिवळी चालवणाऱ्या दोन-तीन जणांना कुठून कुठे किती वेळ लागतो ते विचारा, रुग्णवाहिकेच्या चालकालाही विचारा, आणि त्या उत्तरांशी जुळेपर्यंत तक्त्यातले वेग कमी करा. रस्त्यावर रोज असणाऱ्यांच्या अनुभवाशी ताडून न पाहिलेला नकाशा कितीही सुबक छापला तरी विश्वासार्ह होत नाही.

दुसरी अडचण रंगाची. संगणक वेळ मोजतो ती रस्त्यांवरच्या बिंदूंची; नंतर त्या बिंदूंना वेढणारी सीमा काढून आतला सगळा भाग रंगवतो. रस्ता एखाद्या डोंगराला वळसा घालून गेला असेल, तर मधला डोंगर आणि त्यावरचे पाडे न पोहोचताच रंगतात. आपला पाडा असाच रंगला असण्याचा संभव फार मोठा आहे. यावर उपाय म्हणजे क्षेत्र रंगवणे सोडून प्रत्येक पाड्यासाठी वेगळी वेळ काढणे : रस्त्यापर्यंतची पायी वेळ आणि तिथून रुग्णालयापर्यंतची वाहनाची वेळ यांची बेरीज. पायी वेळेसाठी भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोबलर यांचे १९९३ चे सूत्र सर्रास वापरतात. त्यानुसार सपाटीवर माणूस ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो आणि शंभराला वीस अशा चढावर तो वेग निम्मा, म्हणजे अडीच होतो. आपल्या तीन किलोमीटरच्या वाटेला सपाटीवर ३६ मिनिटे लागली असती. तशा चढाने ७२ मिनिटे लागतील, आणि तोच उतार उतरायला सुमारे ५१. हे मोकळ्या हाताने चालणाऱ्याचे आकडे आहेत. झोळी खांद्यावर घेऊन, माणसे पालटत, पाय जपत उतरणाऱ्यांना कोणतेही सूत्र लागू पडत नाही. ती वेळ ज्यांनी झोळी वाहिली आहे त्यांच्याकडूनच घ्यावी आणि नकाशाखाली तसे स्पष्ट लिहावे.

चढ मोजण्यासाठी उंचीची माहिती लागते, आणि नर्मदाकाठच्या पाड्यांच्या बाबतीत त्या माहितीत एक मोठी त्रुटी आहे. सर्वांना खुली असलेली एसआरटीएम ही उंचीची माहिती अमेरिकी अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत टिपलेली आहे. नर्मदेवरील सरदार सरोवराची पातळी पूर्ण क्षमतेच्या १३८.६८ मीटरपर्यंत प्रथम पोहोचली ती सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे आज फुगवट्याखाली गेलेल्या कित्येक दऱ्या आणि उतार त्या माहितीत अजून कोरडेच आहेत, आणि संगणक माणसाला तिथून खुशाल चालवत नेतो. ओपनस्ट्रीटमॅपवरील जलाशयाचे क्षेत्र त्यावर टाकून तो भाग चालण्यासाठी बंद करणे अत्यावश्यक आहे. जिथे बोटीनेच जावे लागते तिथे बोटीची वेळ वेगळी मांडावी; पाण्यातून जाणारी रुग्णवाहिका आणि तरंगता दवाखाना ही या भागातल्या लोकांची खरी वाहतूक आहे, तिला नकाशात जागा मिळालीच पाहिजे.

पावसाळ्याचा नकाशा स्वतंत्र काढावा. दरड कोसळून घाट बंद होणे, फरशी पुलावरून पाणी जाणे, कच्चा रस्ता चिखलात जाणे हे दरवर्षीचे आहे. अशा ठिकाणचे जोड काढून टाकले की उरलेल्या जाळ्यावर नवा नकाशा मिळतो. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की कोणते पाडे चार महिने तुटतात ते कोणालाही एका दृष्टिक्षेपात कळते.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी १०८ ची गाडी रुग्णाकडे येते आणि मग त्याला घेऊन परत जाते. रुग्णालयापासून काढलेला पट्टा त्यातला एकच फेरा मोजतो. फोन लागण्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतची वेळ हवी असेल तर गाडी उभी असते तिथून रस्त्याच्या टोकापर्यंत आणि तिथून रुग्णालयापर्यंत, अशा दोन्ही वेळा धराव्या लागतील. फोनला रेंज मिळण्यासाठी टेकडीवर चढावे लागत असेल, तर तीही वेळ यातच येते.

प्रश्न : भूगोलाच्या प्रकल्पासाठी असा नकाशा मला स्वतःला काढायचा आहे. संगणक साधा आहे आणि पैसे खर्च करता येणार नाहीत. सुरुवात कशी करावी? (एक विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि त्यात ‘ओआरएस टूल्स’ हे प्लगइन, म्हणजे जोड-साधन, बसवा. ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथून चालणाऱ्या ओपनरूटसर्व्हिस या सेवेला जोडलेले असून नोंदणी केल्यावर मोफत चावी, म्हणजे सेवा वापरण्यासाठीचा सांकेतिक शब्द, मिळते. नकाशावर बिंदू द्या, वाहन की पायी ते निवडा, मिनिटे लिहा आणि पट्टे तयार होतात. या मोफत सेवेत मोटारीसाठी एका तासापर्यंतचेच पट्टे मिळतात आणि रोजच्या वापरालाही मर्यादा आहे. एका तालुक्याच्या प्रकल्पाला ते पुरेसे आहे. संपूर्ण जिल्ह्याचे काम किंवा वेग बदलून पाहायचे असतील तर जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची ओपनस्ट्रीटमॅप माहिती घेऊन व्हलहाला किंवा ओएसआरएम ही मार्ग काढणारी प्रणाली आपल्या संगणकावर चालवावी लागेल. वस्त्यांची यादी आणि ग्रामीण रस्ते ताडून पाहण्यासाठी पंतप्रधान ग्रामसडक योजनेची २०२२ मध्ये खुली झालेली ‘जिओसडक’ माहिती उपयोगी पडेल.

निकाल हाती आल्यावर एक खूण अवश्य शोधा : चांगल्या रस्त्यावरचे एखादे गाव रंगाबाहेर एकटेच राहिले आहे का? तसे असेल तर तिथे झूम करून पाहा. बहुतेक वेळा दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना टेकलेले दिसतात, पण त्यांना सामाईक बिंदू नसतो. रेघ काढणाऱ्याचा हात हाताएवढ्या अंतरावर थांबलेला असतो आणि संगणकाच्या लेखी तिथे रस्ता तुटलेला असतो. जोसम या संपादन-साधनातील तपासणी अशा जागा दाखवून देते. आपण तो बिंदू जोडला की दुरुस्ती त्या गावापुरती न राहता पुढे ही माहिती वापरणाऱ्या प्रत्येकाला मिळते, आणि म्हणूनच प्रकल्पाचे गुण मिळाल्यावरही हे काम आपण सोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : केळी कटाईनंतर कोणत्या शिवारातून माल किती वेळात गाडी भरण्याच्या जागेपर्यंत पोहोचेल, हे याच रीतीने काढता येईल का? (एक केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : येईल, परंतु मोटारीचा तक्ता वापरू नका. आपला माल आधी ट्रॅक्टरने शिवाररस्त्यावरून येतो आणि असे रस्ते नकाशात बहुतेक ठिकाणी नाहीतच. ते उपग्रहचित्रावरून काढता येतात. एका गावाचे शिवार दोन-तीन बैठकांत सहज होते. ट्रॅक्टरचा वेग काळ्या मातीत कोरड्या दिवशी एक आणि पावसानंतर दुसरा, असा वेगळा द्या. भुसावळ-खंडवा लोहमार्गावर जिथे फाटक ओलांडावे लागते तिथे सरासरी थांबण्याची मिनिटे स्वतः वेळेच्या बेरजेत धरा, कारण प्रणाली फाटक नेहमी उघडेच धरते.

प्रश्न : आमच्याकडे बहुतेक जण एसटीनेच जातात. त्यांचा नकाशा काढता येतो का? (एक वाचक, साक्री)

उत्तर : केवळ रस्त्यांच्या माहितीवरून नाही. त्यासाठी थांबे आणि वेळापत्रक जीटीएफएस या ठरलेल्या नमुन्यात भरावे लागते. एका मार्गासाठी ते हाताने भरता येते. मग ‘तालुक्याला किती वेळात’ असे न विचारता ‘सकाळी दहापर्यंत तिथे पोहोचून संध्याकाळी परत येता येते का’ असे विचारावे. पहाटे सुटणारी मुक्कामी गाडी आणि दुपारची एक फेरी एवढेच असलेल्या गावासाठी याच प्रश्नाचे उत्तर कामाचे असते.

प्रश्न : असा नकाशा ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडता येईल का? परवानगी कोणाची लागते? (एक ग्रामपंचायत सदस्य, शिंदखेडा तालुका)

उत्तर : वेगळी परवानगी लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती सप्टेंबर २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली आहे. नकाशावर ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ असा उल्लेख केला की छापणे, वाटणे, ठरावाला जोडणे या सर्व गोष्टी करता येतात. गूगलच्या नकाशावरून रस्ते पाहून इथे उतरवणे मात्र चालत नाही. स्वतः फिरून फोनमध्ये नोंदवलेली वाट किंवा संपादन-साधनात परवानगीने दिलेले उपग्रहचित्र वापरावे. ठरावासोबतच्या नकाशाखाली माहिती कोणत्या तारखेची आहे, कोणत्या रस्त्याला किती वेग धरला, नकाशा उन्हाळ्याचा की पावसाळ्याचा आणि वेळा कोणाला विचारून ताडल्या, या चार ओळी असाव्यात. समोरचा अधिकारी वेगावर शंका घेईल तेव्हा त्या ओळी वाचून दाखवता येतील आणि त्याच वेगाने त्याला स्वतः गाडीत बसवून रस्ता दाखवता येईल.