स्तनपान आणि औषधे: खात्रीची माहिती कोठे पाहावी?

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. मध्यंतरी दाढ काढलेली एक बाई आयब्युप्रोफेनची चिठ्ठी घेऊन आली. तिचे चार महिन्यांचे बाळ अंगावर पिते. गोळ्यांसोबतच्या पत्रकात ‘स्तनपानाच्या काळात घेऊ नये’ असे वाचून ती घाबरली आणि तेवढे दिवस बाळाला डब्याचे दूध द्यावे का, असे विचारू लागली. मला ठामपणे काही सांगता आले नाही. अशा वेळी आम्ही कोणत्या माहितीवर विसंबावे? – एक औषधविक्रेता

उत्तर: पत्रकातले ते वाक्य बहुतेक वेळा बाळाला अपाय झाल्याचे दिसले म्हणून नव्हे, तर पाजणाऱ्या मातांवर पुरेशा चाचण्याच झालेल्या नसतात म्हणून, उत्पादकाने अंग राखण्यासाठी छापलेले असते. आयब्युप्रोफेन दुधात अत्यल्प उतरते आणि तान्ह्या मुलांना तापासाठी थेट दिली जाणारी मात्रा त्याहून कितीतरी मोठी असते. त्या बाईला पाजणे थांबवण्याचे कारण नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने सुरू केलेला ‘लॅक्टमेड’ हा माहितीसंग्रह २००६पासून इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. प्रत्येक औषधाच्या नोंदीत ते दुधात किती उतरते, बाळाच्या रक्तात किती सापडले, दूध कमी होते का आणि त्याऐवजी काय देता येईल, हे आधारांसह दिलेले असते. दूध कमी होण्याचा रकाना आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन तिथे अवश्य पाहावे. स्पेनमधील बालरोगतज्ज्ञांचा ‘ई-लॅक्टान्सिया’ हा संग्रहही विनामूल्य आहे आणि घाईच्या वेळी अधिक सोयीचा, असे माझे मत आहे.

या नोंदींत आईच्या मात्रेच्या तुलनेत बाळाला मिळणारी मात्रा, दोघांची वजने हिशेबात घेऊन, टक्क्यांत दिलेली आढळेल. ती दहा टक्क्यांखाली असल्यास औषध सामान्यतः चालते; मात्र अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळाच्या बाबतीत या आकड्यावर न थांबता बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

शोधताना आपल्याकडचे व्यापारी नाव टाकू नये. मिश्र गोळी असेल तर तिच्यातला प्रत्येक घटक वेगळा पाहावा आणि अमेरिकेत पॅरासिटामॉलला ऍसिटॅमिनोफेन, तर साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात हे ध्यानात ठेवावे. घटक वेगळे पाहण्याचा आग्रह अशासाठी की दाढदुखीवर पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल असलेली गोळीही लिहून दिली जाते. काही स्त्रियांच्या शरीरात ट्रामाडॉल आणि कोडीन यांचे अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर फार वेगाने होते, त्यामुळे बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७मध्ये ही दोन्ही औषधे पाजणाऱ्या मातांनी घेऊ नयेत असा इशारा दिला. तशी चिठ्ठी आली, तर गोळ्या देण्यापूर्वी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.