ड्राइव्हवेत उभी करू नका (कोलोरॅडो, मोटरहोम आणि नातेवाईक)

नमस्कार. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. जुलैत नाशिकहून आई-बाबा येणार, डेन्व्हरला तीस फुटी मोटरहोम (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेणार, दोन रात्री बहिणीकडे, मग फ्रिस्कोला मित्राकडे, तिथून ग्रँड जंक्शनला हॉस्टेलच्या मैत्रिणीकडे आणि शेवटी डुरँगो. आणि खाली तुमची ती ओळ: "बहिणीच्या ड्राइव्हवेतच उभी केली की कॅम्पग्राउंडचे पैसे वाचतील, काही अडचण नाही ना?" २०१९ मध्ये आमच्या घरात हेच वाक्य बोललं गेलं होतं. फक्त बहिणीच्या जागी माझा मावसभाऊ होता आणि नाशिकच्या जागी सांगली. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

टायर, गॅस, पाण्याच्या टाक्या यांबद्दल वर बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते सोडून देते. मला बोलायचंय ते त्या ड्राइव्हवेबद्दल, म्हणजे घरापुढच्या गाडी उभी करायच्या जागेबद्दल.

दादाचं, म्हणजे त्या मावसभावाचं, घर डेन्व्हरच्या दक्षिणेला एका उपनगरात आहे. नीटनेटकी कॉलनी आणि तिची एचओए, म्हणजे आपल्याकडची सोसायटीच, पण नियमांची वही दहापट जाड. नियम असतील हे आम्हाला माहीत होतं. म्हणून महिनाभर आधी मीच त्यांच्या व्यवस्थापन कार्यालयात फोन केला. दादाला कशाला त्रास, तो कामात असतो, असा विचार केला. पलीकडच्या बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, सामान चढवण्या-उतरवण्यासाठी ४८ तासांपर्यंत चालतं, काळजी करू नका. मी आभार मानले आणि फोन ठेवला. त्यांचं नाव विचारलं नाही, ईमेल पाठवा म्हटलं नाही. सगळं पुढचं रामायण या एका फोनमधून घडलं.

पोचलो त्या संध्याकाळी वहिनी दारातच म्हणाली, "घर असताना गाडीत काय झोपता?" शेवटी आई-बाबा वर पाहुण्यांच्या खोलीत आणि आम्ही चौघं गाडीत अशी वाटणी झाली. मुलांना जागा हवी म्हणून आम्ही गाडीची स्लाइड (बाजूने बाहेर सरकणारा, आतली जागा वाढवणारा भाग) बाहेर काढली. ती दोन फूट तरी फुटपाथवर आली. गॅरेजमधून वायर ओढून वीज जोडली. गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं, खाली खुर्च्या टाकल्या, शेजारची दोन मुलं आमच्या मुलांबरोबर खेळायलाही आली. मला तर सांगलीच्या अंगणात बसल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खिडकीतून पाहिलं तर दादा स्लीपर घालून गाडीच्या पुढच्या काचेशी उभा. काचेवर केशरी रंगाचा वीतभर स्टिकर. त्याच्या एका हातात गरम पाण्यात बुडवलेलं फडकं होतं आणि दुसऱ्या हातात जुनं बँकेचं कार्ड. स्टिकर निघाला होता, डिंक निघत नव्हता, आणि तो काच खरवडत होता, हळू, आवाज होऊ नये म्हणून. मी बाहेर आले तर म्हणाला, "काही नाही गं, चुकून लावलाय. तू चहा घे."

मी नऊ वाजता त्या कार्यालयात फोन लावला. या वेळी दुसरंच कुणीतरी होतं. आमच्याकडे तशी नोंद नाही. तुम्हाला कोण म्हणालं? नाव? नाव माहीत नाही? आणि मुळात तुम्ही घरमालक नाही, तुमच्याशी आम्ही बोलू शकत नाही. मी म्हटलं, महिन्यापूर्वी तर बोललात की. त्यावर उत्तर नाही. वही वाचायला सांगितली. ती दुपारी वाचली. मोटरहोमसाठी घरमालकाने तीन कामाचे दिवस आधी लेखी परवाना घ्यायचा होता. आणि ते ४८ तास फक्त "चढवण्या-उतरवण्यासाठी". गाडीत झोपलात, वीज जोडलीत, स्लाइड उघडलीत की ते राहणं झालं, आणि राहायला परवानगीच नाही. फोनवरच्या बाईंनी हे एक वाक्य सांगितलं असतं तर आम्ही गाडी तिथे नेलीच नसती.

आम्ही त्याच दुपारी गाडी हलवली. आमच्या लेखी विषय तिथे संपला. पण दिवाळीत व्हिडिओ कॉलवर भाचा बोलून गेला की आत्याच्या गाडीमुळे बाबांना मीटिंगला जावं लागलं. वहिनीने त्याला गप्प केलं. मग हळूहळू कळलं: स्टिकरनंतर दोन दंड आले, मिळून दोनशे डॉलर, आणि सुनावणीचं पत्र. दादा ऑफिसातून रजा काढून पाच शेजाऱ्यांसमोर उभा राहिला आणि माफी मागून आला. त्याच्या मागच्या डेकचा अर्ज तीन महिने अडला होता. त्याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेल, मला आजही माहीत नाही. मी पैसे पाठवले, त्याने परत केले. दोनशे डॉलर काही मोठे नाहीत. पण ज्याने आम्हाला काही कळू न देता काच खरवडली, त्याला आमच्यामुळे आपल्याच गल्लीत मान खाली घालावी लागली, हे मला अजून टोचतं. आणि त्या कार्यालयाचं साधं एक पत्रसुद्धा कधी आलं नाही की आमच्याकडून चुकीची माहिती दिली गेली.

आता सल्ला. (मी वकील नाही. नियम कॉलनीगणिक, गावागणिक वेगळे असतात. रस्त्यावर मोटरहोम किती तास ठेवता येते हेही प्रत्येक गाव आपलं आपलं ठरवतं. तुमच्या बहिणीच्या कॉलनीत कदाचित सगळं चालत असेल.) ड्राइव्हवेतच राहायचं असेल तर तुम्ही फोन करू नका, बहिणीला ईमेल लिहायला सांगा. "मोटरहोम चालेल का" असं मोघम विचारायचं नाही. गाडी किती फूट, किती रात्री, आत माणसं झोपणार, वीज जोडणार, स्लाइड उघडणार, हे सगळं लिहायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. ते उत्तर छापून गाडीच्या काचेत आतून लावा. उत्तर आलं नाही तर नकार समजा. गप्प बसणं म्हणजे होकार, हे इथे चालत नाही.

पण मला विचाराल तर ड्राइव्हवेत जाऊच नका, लेखी परवानगी मिळाली तरी. त्याला आणखीही कारणं आहेत. डेन्व्हरकडच्या ड्राइव्हवेंना उतार असतो आणि मोटरहोमचा गॅसवर चालणारा फ्रिज सपाट जमिनीशिवाय नीट चालत नाही. आमची गाडी नाकावर वाकून उभी होती. आईने वहिनीसाठी रात्रभर टांगून चक्का केला होता, तो सकाळी कोमट आणि आंबट. तुमच्या बाबांचं इन्सुलिन वगैरे असेल तर ते घरातल्या फ्रिजमध्येच ठेवा, यात हयगय नको. दुसरं, घराच्या साध्या सॉकेटमधून १५ अँपिअर मिळतात. छतावरचा एसी एकटाच जवळपास तेवढे ओढतो. त्यावर कुणी मायक्रोवेव्ह लावला की बहिणीच्या गॅरेजचा फ्यूज उडणार आणि तिच्या डीप फ्रीझरमधलं सगळं वितळणार. बारीक एक्सटेन्शन वायर तर लावूच नका. आमची हाताला चटका बसेल इतकी तापली होती.

त्याऐवजी नातेवाइकांना आपल्याकडे बोलवा. डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला चॅटफील्ड आणि अरोरात चेरी क्रीक अशी दोन स्टेट पार्क आहेत. दोन्हीकडे वीज-पाणी-सांडपाणी जोडलेल्या जागा मिळतात आणि शहरातल्या कुठल्याही उपनगरातून ती फार लांब नाहीत. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पटकन संपतात, म्हणून हे वाचून आजच बसा. पार्कमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीला पास लागतो. पण २०२३ पासून कोलोरॅडोत गाडीच्या वार्षिक नोंदणीतच तो पास धरला जातो, नको म्हटलं नसेल तर. बहिणीकडे बहुतेक असेलच, कागदावर बघायला सांगा. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, तेव्हा भेंड्या-अंताक्षरी त्याआधी उरका.

२०२३ मध्ये आम्ही असंच केलं. चॅटफील्डला जागा घेतली आणि दादा-वहिनीला संध्याकाळी बोलावलं. मी लाकडी बाकावर गॅसची शेगडी मांडून बटाटेवडे तळले. वहिनी नुसती बसली होती. चार वर्षांत पहिल्यांदाच आम्ही कोलोरॅडोत असताना तिच्या हातात झारा नव्हता. पाहुणे घरी आले की तिथल्या बाईचे दोन दिवस स्वयंपाकघरातच जातात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आई-बाबांना मात्र रात्री दादाकडे पाठवलं. म्हाताऱ्या माणसांना मोटरहोमच्या अरुंद बाथरूममध्ये रात्री तीनदा उठणं अवघड जातं. तुम्हीही तसंच करा.

फ्रिस्कोबद्दल. गाव ९,१०० फुटांवर आहे, डेन्व्हर ५,२८० फुटांवर. आई-बाबांना थेट वर नेऊ नका. बहिणीकडच्या त्या दोन रात्री त्यासाठीही हव्यातच. पाणी भरपूर, पहिल्या दिवशी जेवण हलकं. डोकं दुखायला लागलं आणि थांबेना तर खाली उतरा, "थोडं बसू, बरं वाटेल" असं म्हणत राहू नका. (डॉक्टरांना आधी विचारा, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर.) तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. भात उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, कुकर न्याच आणि डाळीला दोन शिट्ट्या जास्त द्या. जनरेटरचा जोर दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्के कमी होतो. म्हणजे फ्रिस्कोत तो जवळपास एक तृतीयांशाने दुबळा, एसी ओढेल याची खात्री धरू नका. सुदैवाने तिथे रात्री एसी लागत नाही, पांघरूण लागतं.

मित्र म्हणेल, "अरे, आमच्याकडे मोठे ट्रकसुद्धा येतात." त्याच्यावर विश्वास असला तरी त्याला रस्त्याचे फोटो पाठवायला सांगा: वळण, चढ, वरच्या फांद्या आणि मुख्य म्हणजे गाडी परत फिरवायची जागा. घरमालक रोज छोट्या गाडीने जातो, त्याला फांद्या दिसतच नाहीत. आम्ही डिलन तलावाकाठच्या वनखात्याच्या कॅम्पग्राउंडवर थांबलो होतो. पीक वन आणि हीटन बे दोन्ही फ्रिस्कोच्या जवळ आहेत. मित्र तिथे सायकलने आला. रात्री बाहेर खाणं, कचरा, कुत्र्याचं भांडंसुद्धा ठेवू नका, अस्वलं येतात.

जेवायला येतो असं मात्र कुणालाच सांगू नका. डोंगरात वेळ आपल्या हातात नसतो. जुलैत दुपारी गडगडाटी पाऊस येतो, आणि रविवारी दुपारी आय-७० या महामार्गावर डेन्व्हरकडे येणारी गाड्यांची रांग हलत नाही. तिकडे कुणीतरी पोळ्या करून ताटकळत बसतं. "चहाला येऊ, निघताना फोन करतो" एवढंच सांगा.

डेन्व्हरहून फ्रिस्कोला जाताना लागणारा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर आहे आणि पश्चिमेला बाहेर पडताच डिलनपर्यंत सात टक्क्यांचा उतार. तुम्ही नाशिकचे, कसारा घाटात ट्रकवाले ज्या गिअरमध्ये चढतात त्याच गिअरमध्ये उतरतात, तेच इथे. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर जळका वास येईल. पुढे ग्रँड जंक्शनच्या वाटेवर ग्लेनवूड कॅनियन ही अरुंद दरी. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून तो रस्ता दोन आठवडे बंद होता, म्हणून निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती बघाच. बंद असेल तर फोनमधला नकाशा इंडिपेंडन्स पास या घाटाकडे वळवू शकतो. तिथे ३५ फुटांची मर्यादा आहे, तुमची गाडी कागदावर बसते, तरीही जाऊ नका. काही ठिकाणी समोरून गाडी आली तर मोटरहोमला सरकायला जागा नाही. उत्तरेकडून स्टीमबोट स्प्रिंग्ज, क्रेग, रायफल असा लांबचा पण रुंद रस्ता घ्या आणि मैत्रिणीला उशीर होईल म्हणून कळवा.

ग्रँड जंक्शनहून डुरँगोला जाताना ऊरे ते सिल्व्हर्टन हा रस्ता फोटोत फार सुंदर दिसतो. दक्षिणेकडे जाताना तुम्ही दरीच्या बाजूच्या लेनमध्ये असता आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. बाबा शेजारच्या सीटवर बसणार असतील तर त्यांचा विचार करा. रिजवेवरून डॅलस डिव्हाइड, मग लिझर्ड हेड पास आणि डोलोरेस हा वळसा वेळखाऊ आहे, पण मोटरहोमला तोच बरा. त्याच बाजूला रिजवे स्टेट पार्कमध्ये एक रात्र काढा.

तुमच्या तारखा आणि बहिणीचं उपनगर कुठल्या दिशेला आहे ते लिहा. चॅटफील्ड जवळ की चेरी क्रीक ते सांगते. आणि बहिणीला तो ईमेल आजच पाठवायला सांगा, गाडी तिथे फक्त सामान उतरवायला तासभर नेणार असाल तरीही.