फेब्रुवारीत स्पितीला कॅमेरा नेतोय, थंडीने खराब होईल का?

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत स्पितीतल्या किब्बर गावाला स्नो लेपर्ड बघायला चाललोय, नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे, १५०-६०० मिमीची मोठी झूम लेन्स भाड्याने घेतोय, उणे वीसमध्ये कॅमेरा बंद पडेल का आणि ते महागडं थर्मल कव्हर घेऊ का. कव्हर नका घेऊ, त्या पैशात दोन जास्तीच्या बॅटऱ्या घ्या. मी ठाण्याची, पण दोन हिवाळे किब्बरला राहून आलेय आणि माझा कॅमेरा बाहेरच्या थंडीत एकदाही दगावला नाही, तो आजारी पडला तो घरात आणल्यावर. म्हणून आधी तेच सांगते.

पहिल्या वर्षी दिवसभर दरीच्या कडेला बसून संध्याकाळी होमस्टेवर परतलो. तिथे हिवाळ्यात अख्खं घर एकाच खोलीत असतं, मधोमध पत्र्याची शेगडी, तिला तिकडे तंदूर म्हणतात, तिच्यावर किटली सतत उकळत असते, वर दोरीवर ओले मोजे वाळत घातलेले आणि आठ-दहा माणसं चहा पीत बसलेली. मी कॅमेरा गळ्यात तसाच घेऊन आत गेले. दोन मिनिटांत लेन्सची काच पांढरी झाली, मग बॉडीवर बारीक थेंब आले, मग बटणांच्या फटीत पाणी दिसायला लागलं. मी मफलरने पुसलं, परत आलं, परत पुसलं, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली की घरामागे कोल्हा आलाय म्हणून तशीच कॅमेरा घेऊन पळाले आणि बाहेर ते सगळं पाणी गोठलं. झूमची रिंग जागची हलेना, व्ह्यूफाइंडरमध्ये आतून बर्फाची नक्षी. कॅमेरा वाचला, पण पुढचा पूर्ण दिवस त्याला हात लावता आला नाही आणि नेमका त्याच दिवशी समोरच्या कड्यावर स्नो लेपर्ड एक तासभर बसून होता. मी तो दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघितला, अजून वाईट वाटतं.

फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला घाम सुटतो तोच प्रकार आहे हा. खोली २० डिग्री आणि हवेत ४० टक्के ओलावा धरला तरी दवबिंदू ६ डिग्रीच्या आसपास येतो, म्हणजे कॅमेरा सहा डिग्रीच्या खाली असेपर्यंत हवा त्याच्यावर पाणी सोडत राहणार, तुम्ही कितीही पुसा. किटलीची वाफ आणि माणसांचे श्वास धरले तर त्या खोलीत ओलावा याहून जास्तच असतो. म्हणून दाराच्या आत पाऊल टाकायच्या आधी, बाहेर अंगणातच उभं राहून, कॅमेऱ्यातून कार्ड काढायचं, बॅटरी काढून खिशात टाकायची, मग कॅमेरा मोठ्या झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची आणि पिशवी बंद. पाणी पिशवीच्या बाहेरून जमतं, कॅमेरा कोरडा राहतो. मग तंदूरपासून लांब कोपऱ्यात ठेवायचा आणि उघडायचा मोह टाळायचा, नुसती बॉडी असेल तर दोन तास, तुमची ती मोठी लेन्स असेल तर तीन-चार. मोठ्या लेन्सला झिपची पिशवी पुरत नाही, तिला कचऱ्याची काळी जाड पिशवी दुहेरी करून तोंड रबरबँडने घट्ट बांधा. कार्ड आधीच काढलंय त्यामुळे संध्याकाळी फोटो बघायचे राहत नाहीत, हे महत्त्वाचं, कारण पिशवी उघडायचा मोह नव्वद टक्के वेळा फोटो बघायलाच होतो.

आणि सकाळी परत बाहेरच जायचं असेल तर कॅमेरा गरम खोलीत आणायचाच कशाला? झोपायच्या खोल्यांमध्ये शेगडी नसते, रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, तिथेच बॅगेत राहू दे. मॅन्युअलमध्ये बहुतेक ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं, काही मॉडेल्सना उणे १०, ते वाचून घाबरायला होतं, पण मला उणे वीसच्या आसपास दिसलं ते एवढंच की मागची स्क्रीन आळसावते, हलणारी गोष्ट ओढल्यासारखी दिसते, गरम झाली की पूर्ववत.

बॅटरी हा दुसरा मोठा विषय. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, बॅटरी करंट देऊ शकत नाही आणि कॅमेऱ्याला वाटतं संपली. ती संपलेली नसते. आतल्या खिशात, म्हणजे जॅकेटच्या नाही, थर्मल आणि फ्लीसच्या मधल्या खिशात, अंगाला लागून दोन ठेवा, कॅमेऱ्यातली झोपली की अदलाबदल करा, अर्ध्या तासाने पहिली पुन्हा चालू होते. मी तीन बॅटऱ्यांवर पूर्ण दिवस काढलाय, पण माझा जुना डीएसएलआर आहे, मिररलेस जास्त खातो, तुम्ही चार न्या. रात्री सगळ्या बॅटऱ्या, पॉवरबँक, फोन स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. एक गोष्ट मात्र नक्की पाळा, गारठलेली बॅटरी चार्जरला लावू नका, शून्याच्या खाली चार्ज केली की आत लिथियमचा धातू साचतो आणि ते नुकसान कायमचं असतं, आधी हातात धरून गरम करा मग लावा. बर्फ पडला की वीज जाते त्यामुळे आली की सगळं चार्ज करून घ्यायचं, उद्या करू म्हणायचं नाही. विमानाने जाताय तर जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

गाडीबद्दल. हिवाळ्यात मनालीकडून येणारी कुंझुमची खिंड बंद, म्हणजे तुम्ही शिमल्याहून रेकाँग पिओ, नाको, टाबो करत काझाला जाणार, दोन-तीन दिवस गाडीतच. कॅमेरा हीटरच्या समोर नको, मागे सामानात. वाटेत भरल (तिकडच्या रानमेंढ्या) दिसले आणि खिडकी खाली करून फोटो काढले तर ते मऊ, म्हणजे धूसर येतात, लेन्स भाड्याची म्हणून तिच्यावर आळ घेऊ नका, गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर जाताना लहरते आणि ६०० मिमी झूमवर ते लगेच दिसतं. हीटर बंद करून काचा खाली करून थोडं थांबा, नाहीतर सरळ खाली उतरा.

बर्फाचा फोटो कॅमेरा स्वतःच्या मनाने राखाडी काढतो, त्याला वाटतं फार उजेड आहे. एक्स्पोजर +१ करा, उन्हात सगळा बर्फच असेल तर अजून थोडं, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघत राहा आणि रॉ मध्येच, म्हणजे कच्च्या फाइलमध्येच काढा.

लेन्सवर भुरभुर बर्फ पडला तर फुंकर मारू नका, श्वास तिथेच गोठतो आणि मग निघत नाही, ब्लोअर किंवा कोरडा ब्रश वापरा, हाताने तर अजिबात नको. वाऱ्यात लेन्स बदलू नका. अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड असेल तर पायांच्या वरच्या भागाला सायकलच्या हँडलची टेप गुंडाळून न्या, पातळ हातमोज्यांतूनही ते पाय चटका बसल्यासारखे लागतात.

आणि निघायच्या आधी घरी एक करून बघा. स्टीलच्या दोन वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी एक आतल्या आतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि दोन्ही ओट्यावर ठेवा. उघडी वाटी मिनिटभरात ओली होईल. पिशवीतली अर्ध्या तासाने काढा आणि आतून बोट फिरवून बघा.