सिनडच्या (एका भागातल्या लुथरन चर्चच्या संघाच्या) मेळाव्याला पहिल्यांदाच जाताय?

जरूर जा, पण सगळीकडे हजेरी लावायचा मोह आवरा. दोनच कार्यशाळा निवडा. एकाच मंडळीतून, म्हणजे एकाच स्थानिक चर्चमधून, दोघे येत असाल तर वेगवेगळ्या घ्या. मतदार प्रतिनिधी असाल तर आधी मतदानाच्या सभा वेळापत्रकात मांडा, मगच सेवेची पाळी घ्या.

सेवेची सुरुवात लुथरन वर्ल्ड रिलीफ या गरजूंना मदत पाठवणाऱ्या संस्थेची स्वच्छता किट बांधण्यापासून करा. एका किटमध्ये:

- आंघोळीचा हलका, गडद टॉवेल १
- साबणाच्या वड्या २-३, वेष्टनासकट
- मोठ्यांचा टूथब्रश १, तोही वेष्टनात
- मजबूत कंगवा, नेलकटर

सगळं टॉवेलात गुंडाळून दोरीने घट्ट बांधा. नवखे प्रेमापोटी टूथपेस्ट घालतात, ती नको. तिची मुदत संपते. यादीबाहेरचं काहीच घालू नका, सगळ्यांना सारखंच मिळायला हवं. रजई शिवण्याची सेवा पुढच्या वर्षी करा.